ताम्रमणी

अनुजाने मूठ उघडली आणि तो काळा चकचकीत दगड दुकानाच्या काचेवर आपटला. काच वाचली, पण खरेदीला आलेल्या चार-पाच बायका दचकून मागं सरल्या.

"सम्राट, हा तू विकलास?"

गल्ल्यामागचा सम्राट हसत उठला. "मॅडम! बसा की. चा सांगू?" मग बायकांकडे वळून म्हणाला, "आमच्या मॅडम हाईत. कॉलेजात दगडांचं शास्त्र शिकवत्यात. मी ह्यांच्याच हाताखाली शिकलोय."

नेमकं हेच तिला झोंबलं. तीन वर्षं हा पोरगा तिच्या वर्गात पहिल्या बाकावर बसला होता. आणि आज सकाळी सासूबाईंच्या पाण्याच्या तांब्यात तिला हा दगड सापडला होता. सासूबाई वीस दिवस ते पाणी अनशापोटी पीत होत्या, आणि चार दिवसांपासून पोट धरून बसल्या होत्या. 'सम्राटच्या दुकानातला ताम्रमणी हाय गं, साखर उतरवतो,' असं त्या म्हणाल्या, तेव्हा नवऱ्याबरोबर त्यांना डॉक्टरांकडे धाडून अनुजाने तडक शाहूपुरीतलं हे दुकान गाठलं होतं.

"याचं नाव सांग," ती म्हणाली. "दुकानाच्या पाटीवरचं नको. परीक्षेत लिहायचास ते."

सम्राट गल्ल्यावरचे कागद सारखे करू लागला.

"एनर्गाइट!" तिनेच सांगितलं. "तांबं, गंधक आणि आर्सेनिक. आर्सेनिक म्हणजे सोमल, बायांनो. विष! या दगडात जवळजवळ पाचवा हिस्सा विष आहे. आणि पाटीवर म्हणे, पन्हाळ्याच्या कड्यात सापडला! अरे, पन्हाळ्याचा कातळ तुला मी उन्हातान्हात हिंडून दाखवलाय. असला दगड तिथं जन्मात सापडायचा नाही. हा सातासमुद्रापलीकडच्या खाणीतला. दुर्मीळ म्हणून आपण तो कपाटात कुलपात ठेवायचो. हाताळला की साबणानं हात धुवायला लावायचे मी तुम्हाला. विसरलास?"

"तांबं हाय म्हणून सांगितलं, ते खोटं हाय व्हय?" सम्राटचाही आवाज चढला. "निम्म्याला निम्मं तांबंच हाय की."

"आणि उरलेलं?"

"ते कुणी इचारलं न्हाय."

अनुजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गल्ल्याशेजारी काचेची बरणी होती. तळाशी तसलेच चार दगड, वर पाणी. आल्यागेल्याला चव बघायला ठेवलेलं. तिने स्टीलचा पेला भरला आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

"पी."

सम्राटने पेला घेतला, मान वर करून गटागटा रिकामा केला आणि सगळ्यांसमोर पालथा धरला. "बघा! काय झालं का मला?"

बायका हसल्या. जरीकाठाचं लुगडं नेसलेली अंबूबाई म्हणाली, "बाई, पुस्तकातलं येगळं नि गुणाचं येगळं. दे बाबा, मला दोन दे." तिने पिशवी उघडली.

"एका पेल्यानं काही होत नाही हो!" अनुजा ओरडली. "रोज भिजवलं की विष जरा जरा सुटतं, अंगात मुरतं. हे त्याला ठाऊक आहे! मीच शिकवलंय त्याला!"

कुणी ऐकत नव्हतं. सम्राट शांतपणे दगड कागदात बांधू लागला. तिच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून तिने तोंड फिरवलं.

तेवढ्यात त्याची आई तानाबाई दुकानात शिरली. उचगावहून जेवणाचा डबा घेऊन आली होती. डबा गल्ल्यावर ठेवून तिने पदराने घाम पुसला. "काय ऊन हाय बाई," म्हणत तोच पेला उचलला, बरणीतून भरून घेतला आणि तोंडाला लावायला गेली.

"आई!"

सम्राटने गल्ल्यावरून झेप घेऊन तिच्या हातावर फटका मारला. पेला उडाला, खणखणत फरशीवर गेला. पाणी तानाबाईच्या लुगड्यावर, डब्यावर, सगळीकडे सांडलं.

अंबूबाईचा हात पिशवीत तसाच राहिला. तानाबाई झोंबणारं मनगट चोळत लेकाच्या तोंडाकडे बघत होती.

"का रं?" ती म्हणाली. "समद्यास्नी पाजतोयास की. मलाच का न्हाय?"