अडून बसलेली खुर्ची

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक! वृंदाची दाढ सुजून गाल पुरीसारखा टम्म फुगलेला, आणि दातांच्या दवाखान्यातली ती नवी खुर्ची परत अडून बसलेली. हल्ली पेशंटची भीती उतरल्याशिवाय खुर्ची डॉक्टरांना दाढेला हातच लावू देत नाही ना! शेवटी तिने वृंदाच्या डोक्यातून भीतीचं मूळ शोधलं आणि सरळ स्पीकरवर लावलं. आवाज कुणाचा? वृंदाच्या शेजारीच बसलेल्या आईचा, वृंदाच्या लहानपणचा!

“दात घास, नाहीतर डॉक्टर सगळे उपटून टाकतील!”

डॉक्टर म्हणाले, “आजी, ते खोटं होतं एवढंच हिला सांगा. लगेच भीती उतरेल.”

“मुळीच नाही! त्या धाकानेच तर घासायची ही.”

“आई, जीव चाललाय माझा! म्हण ना गं!” वृंदा कळवळली.

आईने मांडीवरच्या नातीकडे बोट दाखवलं. “ओवीसमोर म्हणू? आज सकाळी ही ब्रश करेना, तेव्हा तू हिला काय सांगितलंस?”

ओवी टक लावून वृंदाकडे बघायला लागली. “मम्मा, ते खोटं होतं?”

दाढ ठणकतेय, खुर्ची हलत नाहीये, आणि सगळे वृंदाच्या तोंडाकडे बघतायत. सांग, तू काय केलं असतंस?