अर्धं तिकीट

“वय सांगा, केक मी सांगतो,” बेकरीवाले पितांबरशेठ म्हणाले. दोनच्या आतलं लेकरू असेल तर साधा व्हॅनिला. मऊ, दात नसले तरी चालतं. तीन-चारला पायनापल. पाच झाले की चॉकलेट. धुळ्यात त्यांचा हा कायदाच होता आणि गिऱ्हाइकानं त्यात तोंड घालू नये एवढीच त्यांची अपेक्षा असे.

सुंदरबाईनं पदर सावरला. “दीड वरीसनी व्हई. आते आतेच चालाले लागनी.”

शेठनी वाकून पाहिलं. दीड वर्षाची धोंडी कडाकडा फुटाणे फोडत काचेमागचे केक मोजत होती. बारापर्यंत आली होती.

“ही दीडची?”

“हाव,” सुंदरबाई म्हणाली.

खोटं बोलायची तिला हौस नव्हती. धोंडीच्या आधीची दोन लेकरं पाचाच्या आत गेली होती. म्हणून हिचं नाव धोंडी ठेवलं, कुणाची नजर जाऊ नये. आणि वय कुणीही विचारो, सुंदरबाई दीडच सांगायची. बालवाडीच्या बाईंनाही तिनं दीडच सांगितलं होतं. त्या बिचाऱ्यांनी तेच लिहून घेतलं.

“सांगी टाक आते,” तिचा नवरा अभिमन हळूच म्हणाला. “आज पाच पुरा व्हयनात.” पाच झाले की धुळ्याचा केक, हे त्यानंच कधीचं ठरवून ठेवलं होतं.

सुंदरबाईनं पोरीचा हात घट्ट धरला. आकडा तोंडातून निघाला की संपलं, असं तिला अजूनही वाटत होतं.

“पाच,” ती म्हणाली. “पाच वरीस पुरा व्हयनात मनी पोरले.”

काही झालं नाही. पंखा फिरत होता. धोंडीनं आणखी एक फुटाणा तोंडात टाकला.

“मग चॉकलेट,” म्हणून शेठ खोका आणायला वळले. सुंदरबाई तिथल्याच बाकड्यावर मटकन बसली आणि पदरात तोंड घालून हसली. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

परतीच्या एसटीत खोका तिच्या मांडीवर होता आणि धोंडी बापाच्या. पाचाच्या आतलं पोर फुकट, म्हणून नेहमीच्या सवयीनं अभिमननं दोनच तिकिटं मागितली. कंडक्टरनं ती फाडली आणि पुढे निघाला.

“ओ भाऊ!” सुंदरबाईनं त्याला थांबवलं. “मनी पोरनं अर्धं तिकीट ऱ्हायनं.”

“राहू द्या बाई. लहान दिसते.”

“लहान नही शे!” ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की अख्खी गाडी वळून पाहायला लागली. “पाच वरीसनी व्हयनी ती. फाड!”