डॅडीचं विमान

जर्मनांचं एक बाँबफेकी विमान इंग्रजांच्या हाती धडधाकट लागलं. आपल्या तोफांवरच्या माणसांना शत्रू ओळखता यावा म्हणून ते गावोगाव उडवून दाखवायचं काम वैमानिक रेजकडे आलं. त्या विमानाची खाली-वर होणारी घरघर ऐकली की गावातली पोरं आईला बिलगायची. आपली चिमुकली लेक तरी भेदरू नये म्हणून त्याच्या बायकोने, एनिडनेच, तिला शिकवलं, "घाबरायचं नाही हं डोरीन. हा आवाज आला की समजायचं, डॅडी आले! बाहेर जाऊन हात हलवायचा."

"अगं, जर्मन विमानाला टाटा करते तुझी पोर!" शेजारच्या प्लाउराइटबाई चिडवायच्या. "जर्मन जावई आणतेस की काय?"

एनिडही हसायची.

त्या रविवारी तीच घरघर आली. एनिडचे हात पिठात होते. ती वळेपर्यंत डोरीन दार उघडून पार कुरणाच्या मध्यावर पोचली होती आणि दोन्ही हात हलवत आभाळाकडे बघून ओरडत होती, "डॅडी! डॅडी!"



स्वयंपाकघरात, कालच सुट्टीवर आलेल्या रेजच्या हातून चहाचा कप निसटला.