चाचणीचा कागद

“पुन्हा कचरा,” मास्तर म्हणाले आणि कागद टोपलीत टाकला. सकाळपासूनचा हा अकरावा.

“काका, तुम्ही कागदावर बोट ठेवलं की मी देवाचं नाव घेते,” मशीन चालू करून द्यायला आलेली मुलगी म्हणाली. “शाळेच्या निकालालासुद्धा एवढी घाबरले नव्हते.”

“शाळेत पुढच्या वर्षी सुधारता येतं. इथं छापून जातं.”

मास्तरांनी आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं. ब्रेल छापखान्यात ते मुद्रितं तपासत आणि चुका काढत, म्हणून मास्तर. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं. पण त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, असं खुद्द साहेबच म्हणत, आणि मग जीभ चावत.

मशीन बावीस वर्षांचं होतं. कागदावर ठिपके उठवताना ते पत्र्यावर हरभरे ओतल्यासारखा आवाज करी. त्याची भाषा कळणारा एकुलता एक संगणक गेल्या महिन्यात बंद पडला तो पडलाच. ऑफिसात नवे सहा संगणक आले होते, एकमेकांना जोडलेले. नव्या सुनेनं ओसरीवरच्या म्हाताऱ्याकडे बघावं तसे ते या मशीनकडे बघत. हे कोण, आणि इथं का?

काल, गुरुवारी, साहेब स्वतः खोलीत आले होते. “मास्तर, उद्या पाचपर्यंत नव्या संगणकावरून एक पान नीट काढून दाखवा. विभाग चालू राहील. नाहीतर माझाही नाइलाज आहे.”

विभाग म्हणजे हे मशीन, तीनशे घरी जाणारं ब्रेल मासिक आणि मास्तर. रात्री मास्तरांना झोप लागली नव्हती.

सकाळी आल्याआल्या मुलीनं मशीनच्या जाड केबलला एक छोटी डबी जोडली आणि डबीची तार भिंतीतल्या नेटवर्कच्या खाचेत खोचली. सहाही संगणकांना मशीन दिसायला लागलं. दिसलं, पण कळलं नाही. कागद निघत, त्यावर ठिपके असत, शब्द नसत. दुपारी शब्द आले तर आकडे गेले. ब्रेलमध्ये आकड्याच्या आधी एक खूण लागते. ती गळाली की आकड्याचं अक्षर होतं. नेमकी तीच गळत होती.

“नवा संगणक स्वतःची अक्कल लावतोय,” मुलगी म्हणाली. “थांबा, त्याला सांगते. बाबा रे, तू काही सुधारू नकोस. आलंय तसं पुढे दे.”

“पोस्टमनसारखं.”

“अगदी. पाकीट फोडायचं नाही.”

साडेचारला तिनं शेवटची सेटिंग बदलली. आता बऱ्याच ओळी आणि आकडे असलेला खराखुरा मजकूर हवा होता. सहा संगणकांचं सगळं एकाच फोल्डरात पडलेलं होतं. कुठली फाइल कुणी उघडायची आणि कुणी नाही, हे ठरवायला ऑफिसात अजून कुणाला सवड झाली नव्हती. तिनं सगळ्यात वरची फाइल उचलली, ब्रेल केली आणि पाठवली. वाचली नाही. तिला ओळी हव्या होत्या, अर्थाशी तिचं काम नव्हतं.

पत्र्यावर हरभरे पडले. मास्तरांनी कागद फाडून टेबलावर सारखा केला.

पहिली ओळ बोटाखालून सरळ गेली. दुसऱ्या ओळीवर बोट मंदावलं. परत वर गेलं, तारखेवर थांबलं, पुन्हा खाली आलं. शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. मग मास्तरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“काका? आकडे?”

“खुणेसकट आहेत.”

“म्हणजे चूक नाही?”

“एक आहे. पण ती मशीनची नाही.” त्यांनी तिच्या आवाजाकडे मान वळवली. “तुझं काम चोख झालं, पोरी.”

तिनं टाळी वाजवली आणि लगेच साहेबांना फोन लावला.

साहेब पाचच्या आधीच आले. “झालं? वा! मी म्हटलंच होतं, मास्तर सोडायचे नाहीत. आता वरच्या लोकांशी बोलतो. अजून ठरलेलं काहीच नाही, बरं का. मोकळ्या मनानं विचार करू.”

मास्तरांनी कागद पुढे केला. कागद साहेबांच्या हातात उलटल्याचा, मग सुलटल्याचा आवाज आला. मग तो आवाज खिडकीजवळ गेला.

“छान, छान. काय लिहिलंय यात?”

“आणा इकडे.”

मास्तरांनी कागद टेबलावर ठेवला आणि रोजच्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

“दिनांक, गेला सोमवार. ब्रेल विभाग या महिन्याच्या अखेरीस बंद करण्यात येत आहे. येथील मुद्रितशोधकांच्या सव्वीस वर्षांच्या सेवेबद्दल संस्था त्यांची ऋणी आहे. खाली तुमचं नाव.”

मुलीची खुर्ची करकरली आणि थांबली.

“सव्वीस नव्हे, एकतीस,” मास्तर म्हणाले. “तेवढं दुरुस्त करून द्या, साहेब. तीनशे घरी पाठवायचंय.”