तळ्याच्या दगडातली ओवी

"धोंडा वाहिला डोईनं, बांध बाई उभा केला, नाव कोरलं दुज्याचं, तळं ओळखितं मला."

लहानपणी मांडीवर ऐकलेला हा सूर इतिहासाच्या तासाला जुन्या तळ्याच्या दगडातून उमटला, तशी कालिंदी चपापली. दगडांत मुरलेले आवाज नववीची मुलं आता यंत्रानं ऐकत. त्यावरून तिनं निबंधात लिहिलं, तळं राजानं नव्हे, दगड फोडणाऱ्या वडारणींनी बांधलं.

"एका आवाजावर एवढा दावा?" निबंध वाचून भोईटेबाई म्हणाल्या. "दुसरा पुरावा दे, नाहीतर वाक्य खोड."

"खोड गं, राजा रागावेल," मागून कुणीतरी हसलं.

पुरावा होता; पण तो दिला, की वर्गापासून लपवलेलं घर उघडं पडणार होतं. पेन वाक्यावर थबकलं. मग ती उभी राहिली.

"बाई, ही ओवी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात. आम्ही वडार आहोत."