एकनिष्ठ दाई

जुन्या राजवाड्याच्या लाकडी दालनात पिवळ्या रेशमाने मढवलेला पाळणा टांगला होता. पाहुण्यांना माहिती सांगणारा रुस्दी अभिमानाने म्हणाला, "सुलतानांची लेकरं याच पाळण्यात सेमाई या आदिवासी जमातीतल्या एका दाईने वाढवली. डोंगरातून आलेली पोर, पण इतकी एकनिष्ठ, की जन्मात पुन्हा माहेरी गेली नाही."

"गेली नाही, की जाऊ दिलं नाही?" पाहुण्यांच्या मागून अंजांग म्हणाली. म्हातारी त्याच डोंगरातली, सेमाई.

रुस्दी हसला. "मावशी, तिला इथे काय कमी होतं? पोटभर भात, अंगावर रेशीम."

"आणि आईबाप? राजवाड्याच्या माणसांनी पहाटे आमच्या पाड्यावर धाड घातली. मोठ्यांना कापलं, पोरं बांधून आणली. ही तुमची एकनिष्ठा?"

रुस्दीने आवाज खाली आणला. "असलं काहीतरी कोण सांगतं तुम्हाला?"

"माझी पणजी सांगायची. तुमच्या त्या दाईची सख्खी बहीण. वेळूच्या बेटात लपली, म्हणून सापडली नाही. नाहीतर तीही एकनिष्ठ ठरली असती!"