दांडीवरचं नाव

"गुणवंतभाऊ, ही सायकल कोरी भेटली होती म्हणले ना तुम्ही?" बाबूभाईने पॉलिश पेपर घासता घासता हात थांबवला. "मंग हा लाल रंग कुठून आला?"

गुणवंतराव दुकानापुढच्या बाकावर बसून वहीत रस्ता आखत होते. सोमवारी एसटीच्या टपावर सायकल टाकून कोरचीला जायचं. तिथून घाट उतरून कुरखेडा, वडसा, ब्रह्मपुरी, चिमूर, वरोरा आणि भद्रावतीला घरी. चार दिवस, तीन मुक्काम. फाल्गुन लागला होता, पळस रस्ताभर पेटलेला असणार. छत्तीस वर्षं फॅक्टरीच्या भोंग्यावर उठले, भोंग्यावर जेवले. आता रिटायर झाल्यावर एकदा तरी डोंगरातून सपाटीपर्यंत मनासारखं उतरत यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून जुनी सायकल बाबूभाईकडे रंगवायला टाकली होती.

"लाल? काहीतरीच काय," ते म्हणाले. "सासऱ्यानं लग्नात देल्ली. करकरीत नवी."

ती गोष्ट बाबूभाईलाही पाठ होती. गुणवंतरावांनीच ती शंभरदा सांगितलेली. एकाहत्तरचं लग्न. नवरदेव मांडवात रुसून बसला. सायकल आल्याशिवाय पंगतीला बसणार नाही म्हणाला. रुसायचा मान नवरदेवाचाच, त्यामुळे कोणाला त्याचं वावगं वाटलं नाही. सासरा कोरचीच्या घाटमाथ्यावरचा जंगल नाकेदार, सायकलचं दुकान कुठल्या कुठे. तरी दिवस मावळेपर्यंत सायकल दारात हजर! नवरदेव ऐटीत वर बसला आणि पांढऱ्याशुभ्र पायजम्याला हा एवढा काळा डाग. रंग अजून ओला होता. "इतकी ताजी सायकल कोणाले भेटली का कधी?" असं म्हणून गुणवंतराव मांडीवर थाप मारायचे, आणि ऐकणारे पोट धरून हसायचे.

"इकडं या जरा," बाबूभाई म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

दांडीवरचा काळा थर निघाला होता. खाली लाल रंग. त्या लालावर पांढऱ्या रंगात काढलेलं नाव. जागोजागी उडालेलं, पण वाचता येत होतं.

भागीरथा.

गुणवंतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नाव तेच राहिलं. त्यांच्या बायकोचं.

परवा हीच वही घेऊन ते ओसरीवर बसले होते, तेव्हा भागीरथा मागून डोकावली होती. "घाटात तीन वळणं नाई जी. पाच हायेत," ती म्हणाली. "तुले काय मालूम? एसटीत तं डोळे मिटून बसते," त्यांनी तिला उडवून लावलं होतं. "मले बी न्या ना संगं," असंही ती म्हणाली. त्यावर ते हसले होते. घाटात डबल सीट! बाजाराची फेरी आहे का ही? ती तांदूळ निवडायला आत गेली. तीस वर्षं ती याच सायकलच्या कॅरिअरवर बसून बाजारात, दवाखान्यात, जत्रेत गेली. उतारावर एकदासुद्धा 'हळू' म्हणाली नाही. आपली बायको भित्री नाही, याचं त्यांना मोठं कौतुक होतं.

"सारं घासून टाकू का, भाऊ?" बाबूभाईने विचारलं.

"नाई. राहू दे. आता नेतो मी."

भागीरथा अंगणात कुरडया घालत होती. सायकल पाहून उठली. चिकाचे हात तिने लुगड्याला पुसले आणि एक बोट त्या अक्षरांवरून शेवटपर्यंत फिरवलं.

"बा तं म्हणे, नाव घासून काढलं," ती म्हणाली. "निस्ता वरून रंग मारला होता तं."

"सायकल तुही होती?"

"शाळा घाटाखाली होती माही. सकाळी उतराव, सांजच्याले ढकलत चढाव."

"मंग तू काऊन नाई सांगितलं? तीस वर्षं झाले!"

"तुम्ही रुसले होते," भागीरथा म्हणाली. "नवरीनं कुठी रुसाव जी?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ओल्या रंगाची ती गोष्ट आपण रंगवून सांगत होतो तेव्हा बहुतेक वेळा हीच चहाचे कप घेऊन शेजारी उभी होती, हे गुणवंतरावांना आठवलं आणि मान वर करायची लाज वाटली.

"सोमवारी तू चाल," ते घाईघाईने म्हणाले. "तूच चालव. मी एसटीनं खाली येतो अन् घाटाखाली थांबतो. आता बसून पाह्य, मी धरतो."

त्यांनी हँडल घट्ट धरलं. भागीरथेने दाराकडे पाहिलं, लुगडं खोचलं आणि पाय उचलला. गुडघा दांडीच्या निम्म्या उंचीपर्यंत आला आणि थांबला. तिने परत एकदा करून पाहिलं. मग पाय खाली टेकवला.

"तुम्हीच जा," ती म्हणाली. "चौथ्या वळणावर झाडं सरतेत अन् खालचा सारा मुलूख एकदम दिसते. तिथी ब्रेक नका दाबू. मी कधीच दाबला नाई."